गडवाटांचं पुस्तक घरच्या घरी काढताना

प्रत्येक वाट दोनदा चाला: पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये. ऑक्टोबरात भरलेलं टाकं उन्हाळ्यात कोरडं पडू शकतं, म्हणून पाण्याच्या नोंदीपुढे महिना छापाच. ‘डावीकडे वळा’ हे उतरताना उलटं होतं. तिथे ‘ओढ्याच्या पूर्व काठाने’ असं लिहा. हरिश्चंद्रगडाची पाचनईची सोपी वाट आणि कातळटप्प्यांची नळीची वाट अवघडपणाच्या एकाच श्रेणीत टाकणं वाचकाच्या जिवावर बेतेल. मजकूर घरातल्या अशा माणसाकडून तपासून घ्या, ज्याने ती वाट पाहिलेली नाही; सुटलेला फाटा त्यालाच खटकतो.

पानं १६च्या पटीत ठेवा. १२८ पानं म्हणजे ८ फर्मे (फर्मा म्हणजे छापून दुमडलेला १६ पानांचा एक ताव). बांधणी शिलाईचीच हवी, नुसत्या गोंदाची पानं सॅकमध्ये सुटतात. एसटीच्या वेळा छापू नका, त्या बदलतात.