सातेरीची पेटी वाढवताना या चुका टाळा

जांभूळ फुललं की परसातल्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांच्या, पेटीच्या दाराशी जत्रा भरते आणि आपल्याला वाटतं, चला, वरचा मजला चढवू. पहिली चूक इथेच होते. दारातली गर्दी पाहून पेटी वाढवू नका, दुपारच्या उकाड्यानेही माश्या बाहेर येऊन लोंबतात. झाकण उघडून बघा. कडेच्या फ्रेमसुद्धा (पोळं बांधायच्या लाकडी चौकटी) माश्यांनी झाकल्यात का? वरच्या पट्टीवर ताजं, पांढरंशुभ्र मेण दिसतंय का? दिसत असेल तरच सुपर, म्हणजे मधासाठीचा वरचा मजला, ठेवा.

मी पहिल्या वर्षी चारच फ्रेम भरलेल्या असताना हौसेने सुपर चढवला. वर माश्यांना आयतं घर मिळावं म्हणून ओळखीतून आणलेली जुनी, काळी पोळी बांधली. तीन आठवड्यांनी उघडलं तर पोळ्यात रेशमी बोगदे आणि त्यात वळवळणाऱ्या पांढरट अळ्या. मेणकिडा! ज्या पोळ्यावर पहारा द्यायला माश्या पुरत नाहीत, ते त्याच्या तावडीत गेलंच म्हणायचं. सातेरीला जुनं पोळं तसंही नको असतं, ती ते कुरतडून खाली पाडते. यूट्यूबवर दिसणाऱ्या दुमजली, दहा-दहा फ्रेमच्या पेट्या बहुतेक मेलिफेरा या युरोपीय माशीच्या असतात. सातेरीचा संसार त्यामानाने लहान, तेव्हा त्यांची नक्कल नको.

खाली नवी फ्रेम द्यायची तर एका वेळी एकच, आणि तीही पिल्लांच्या शेवटच्या फ्रेमला लागून. मधोमध घुसवली की पिल्लांचं घर दुभंगतं. त्यांना ३४-३५ अंशांची ऊब लागते, आणि थोड्या माश्यांना थंड रात्री दोन्हीकडे ती राखणं जमत नाही.

माश्या सुपरमध्ये चढतच नसतील तर आधी टेप घ्या. गावच्या सुताराने केलेल्या पेटीत लाकूड उत्तम असतं, मापं मात्र अंदाजाने घेतलेली. फ्रेम आणि भिंत यांच्यात, तसंच खालच्या आणि वरच्या फ्रेमच्या मध्ये साधारण ७ ते ९ मिलिमीटर फट हवी. जास्त असली की माश्या तिथे आडवंतिडवं पोळं बांधून सगळं एकमेकांना चिकटवतात, कमी असली तर वाटच उरत नाही. अमेरिकन मधमाशीपालक लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये ही फट हेरली आणि हलत्या फ्रेमची पेटी तिच्यावरच उभी राहिली. माप बरोबर असूनही चढत नसतील तर सुपरच्या एका फ्रेमला ताज्या पोळ्याचा तुकडा बांधा. बाहेर फुलोराच नसेल तर मात्र कशाचाही उपयोग नाही.

जागा द्यायला उशीर झाला तर पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, लोंबू लागतात. ती चिरडून टाकली की संपलं, असं समजू नका. जागेची अडचण तशीच राहते, माश्या पुन्हा बांधतात. शिवाय जुनी राणी थवा घेऊन आधीच गेली असेल आणि तुम्ही सगळी राणीघरं मोडलीत, तर पेटी राणीविना! काही दिवसांनी पोळ्याच्या एकाच खणात दोन-तीन अंडी दिसली की ओळखा, कामकरी माशीच अंडी घालतेय. त्यातून फक्त नर निघतात. अंडं घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी राणीघर बंद होतं, म्हणून या हंगामात दर सात दिवसांनी पेटी बघा.

राणीघरं दिसलीच तर वसाहत विभागा. जुनी राणी दोन-तीन फ्रेमसह नव्या पेटीत घाला, जुन्या पेटीत एक-दोन चांगली राणीघरं ठेवा. नवी पेटी शेजारीच मांडली तर बाहेर फिरणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात आणि राणीजवळ माश्या फारच कमी उरतात. म्हणून तिच्यात आणखी एका फ्रेमच्या माश्या झटकून घाला. हे करताना राणी कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा, माझी एकदा झटकण्यात गवतात पडली होती.

पावसाळ्याआधी सुपर उतरवा, रिकाम्या फ्रेम काढा, दार अरुंद करा. झडीत उपासमार झाली की सातेरी पेटी सोडून निघून जाते, म्हणून संध्याकाळी साखर-पाणी सम प्रमाणात, आणि तेही आत ठेवा. बाहेर सांडलं तर मुंग्या आधी पोचतात.