अंजनेरीवर पक्षी बघायला निघताना

फाल्गुन-चैत्रात अंजनेरीला जायचं तर आधी वार ठरवा. शनिवार-रविवार टाळाच, आणि हनुमान जयंतीला तर पक्ष्यांसाठी गडावर जाऊच नका. तो दिवस मारुतीरायाच्या भक्तांचा. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी फाटा वीसेक किलोमीटरवर आहे, पण उजाडताना पायथ्याच्या झाडीत पोचायचं म्हणजे स्वतःचं वाहन हवं. ऊन चढलं की बारीक पाखरं गप्प होतात.

दुर्बीण 8 बाय 42ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरते. दहापट मोठं दाखवणारी घेतलीत, तर चढून दम लागल्यावर चित्र हलत राहतं. गळ्यातला पट्टा आदल्या दिवशीच बेताचा करून गच्चीवरून साळुंकीवर नजर बसवून बघा. कपडे मातकट रंगाचे, बूट चांगल्या पकडीचे, कारण वाळलेल्या गवतावरून उतरताना पाय सटकतो. पाणी माणशी दोन लिटर. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा, हातातल्या पिशवीवर माकडांचा डोळा असतो. पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपमधला भारतातल्या पक्ष्यांचा संच घरीच उतरवून घ्या.

मात्र त्यातला आवाज लावून पक्ष्याला बोलावू नका. हे दिवस अनेकांच्या विणीचे. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं वाटून तो हातातलं काम टाकून धावत येतो. त्यापेक्षा फुललेला पांगारा किंवा पळस गाठा आणि अर्धा तास खाली नुसते बसा. शिंजीर, बुलबुल, हळद्या, भांगपाडी मैना आपणहून येतात.

दहाच्या सुमारास लगेच परतू नका. हवा तापली की कड्यांवरची लांब चोचीची गिधाडं तरंगू लागतात, आणि माझ्या मते अंजनेरीला यायचं खरं कारण तेच. जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्याने ही जात जवळजवळ संपवली. 2006 साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जोडी एका विणीत एकच अंडं घालते आणि चैत्रात पिल्लू अजून कपारीत असू शकतं. म्हणून ड्रोन नको, कड्याच्या धारेवर आरडाओरडा नको, खाली दगड ढकलणं तर मुळीच नको.

काडेपेटी घरी ठेवा, वाळलेलं रान एका ठिणगीने पेटतं. वही-पेन्सिल मात्र हवीच. संध्याकाळी यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खुशाल टाका, पण घरट्याचा फोटो आणि जागा कुणालाच पाठवू नका.