यशिका इलेक्ट्रो ३५ वापरताना: 'ऑटो' कुठे फसतो आणि काय करायचं

कपाटात किंवा जुन्या बाजारात यशिका इलेक्ट्रो ३५ सापडला तर तो शोभेला मांडून ठेवू नका, त्यात रोल भरा. १९६६ साली हा कॅमेरा आला. माझ्याकडे आहे ते १९७३ चं जीएसएन मॉडेल. ४५ मिमीची एफ/१.७ लेन्स आजही सुरेख चित्र देते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, तुम्ही ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो.

मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता विसरा. ६ व्होल्टचा ४एलआर४४ घ्या. तो लहान असतो, म्हणून उरलेली जागा भरायला तयार ॲडॉप्टर किंवा पुठ्ठ्याची नळी आणि स्प्रिंग पुरते. व्होल्टेज उतरवायला मध्ये डायोड घाला असं सांगणारे भेटतील. मी दोन्ही करून पाहिलं, निगेटिव्हमध्ये काही फरक दिसला नाही.

विकत घेताना 'सेल नसतानाही चालतो' यावर भुलू नका. सेल नसला की शटर प्रत्येक वेळी १/५०० सेकंदालाच उडतं, त्यावरून आतल्या सर्किटचं काहीच कळत नाही. सेल घालून तपासा. आणि रोल पुढे सरकवायचा खटका ओढताना आतून ठळक 'टक्' ऐकू आलं पाहिजे. ते आलं नाही तर आतला रबराचा छोटा तुकडा झिजून गेलेला असतो आणि शटरच्या वेळा चुकतात. असा कॅमेरा आधी दुरुस्तीला द्या. मागच्या झाकणाचा उजेड अडवणारा कुजलेला स्पंज काढून त्या खाचेत काळी लोकर बसवा.

रोल भरा, एएसए लावा, म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे तो डब्यावरचा आकडा कॅमेऱ्याच्या चकतीवर आणा. आपल्याकडच्या उन्हाला १०० किंवा २०० चा रोल बरा. ४०० चा भरलात तर भर दुपारी एफ/११ लाही उजेड जास्त झाल्याचा लाल दिवा लागेल, कारण १/५०० च्या पुढे हे शटर जात नाही.

आता खरी अडचण. दिवेआगरला आत्याला समुद्राकडे पाठ करून उभं केलं आणि पाच फोटो काढले. पहिल्यानंतर मनात शंका आली की चेहरा काळा येईल, म्हणून ॲपर्चर एफ/११ वरून एफ/८ केलं आणि निर्धास्त झाले. रोल धुऊन आला तेव्हा पाचही फोटोंत समुद्र नीट होता आणि आत्या सावलीसारखी. ती आज नाही, आणि त्या सहलीचे तिचे दुसरे फोटोही नाहीत. म्हणून हा भाग घाई न करता वाचा.

ॲपर्चर उघडून या कॅमेऱ्यात फोटो उजळ होत नाही. तुम्ही जेवढा उजेड वाढवता, तेवढाच तो शटर लवकर मिटवून कापून टाकतो. समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणणं एवढंच त्याला येतं. पांढरं आभाळ, चमकतं पाणी, चुन्याची भिंत समोर आली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तुमचं माणूस अंधारात जातं.

'खाली जमिनीकडे रोखून बटण अर्धं दाबा, मग कॅमेरा वर घ्या' हा सल्ला सर्रास दिला जातो. ऑलिंपस ट्रिप ३५ मध्ये तो चालतो, तिथे अर्ध्या दाबाला उजेड मोजणारा काटा अडकून बसतो. इलेक्ट्रोमध्ये चालत नाही. रिकाम्या कॅमेऱ्यावर स्वतः करून बघा: सेल घाला, ॲपर्चर एफ/१६ ला ठेवा, वरच्या पट्टीतली उजेड मोजणारी काच बोटाने घट्ट झाका आणि बटण दाबा. शटर उघडंच राहील. बोट काढून काच दिव्याकडे करा, लगेच मिटेल. म्हणजे मोजणी शटर उघडं असतानाच चालते. आधीचं काही त्याच्या लक्षात राहत नाही.

तेव्हा तुमच्या हातात एकच गोष्ट उरते, एएसएची चकती. २०० चा रोल असेल आणि चौकटीत निम्मं आभाळ असेल तर चकती १०० वर आणा. रोल कमी संवेदनशील आहे असं समजून कॅमेरा उजेड दुप्पट देईल, म्हणजे एक स्टॉप जास्त. माणसाच्या पाठीमागे सूर्य किंवा समुद्र असेल तर थेट ५० वर. घाबरू नका, रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड सहज पचतो. कमी पडलेला उजेड मात्र कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. स्लाइडच्या, म्हणजे थेट पारदर्शक चित्र देणाऱ्या, रोलला हे लागू नाही, तिथे अर्ध्या स्टॉपचीही चूक दिसते.

फोटो झाला की चकती लगेच मूळ आकड्यावर. मी कॅमेऱ्याच्या पाठीवर रोलचा आकडा लिहिलेली चिकटपट्टी लावते, आणि खटका ओढण्याआधी तिच्याकडे बघायची सवय केली आहे.

बाकी सोपं आहे. लाल दिवा लागला तर ॲपर्चर लहान करा. पिवळा लागला तर वेळ १/३० पेक्षा लांबली आहे, कॅमेरा टेकवा. रात्री तिवईवर हा कॅमेरा ३० सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवतो. फिल्टर लावलात तर तेवढं एएसए कमी करा, कारण मोजणारी काच फिल्टरच्या मागे नसते.

पहिल्या रोलला वही ठेवा: फोटोचा क्रमांक, ॲपर्चर, चकतीचा आकडा. रोल धुऊन आल्यावर स्कॅन बघून निष्कर्ष काढू नका, लॅबवाले ते उजळवून देतात. निगेटिव्हच उजेडाला धरा. चेहऱ्याच्या जागी बारकावे दिसले तर जमलं. तिथे फिल्म काचेसारखी आरपार दिसली तर पुढच्या वेळी चकती आणखी एक स्टॉप खाली.