सेंट्रल पार्कमध्ये टेनिस: मिळालेल्या तासाचं सोनं करायचं असेल तर

न्यूयॉर्कमध्ये टेनिस खेळायला क्लबची मेंबरशिप लागत नाही. सेंट्रल पार्कच्या टेनिस सेंटरमध्ये ३० सार्वजनिक कोर्ट आहेत, त्यांपैकी २६ हार-ट्रूची, म्हणजे हिरवट मातीची, आणि ४ हार्ड, म्हणजे टणक पृष्ठभागाची. बी किंवा सी लाइनने ९६व्या स्ट्रीटला उतरलात की पार्कात शिरून चालत जाण्याइतकं अंतर. पण कोर्ट तासाच्या हिशोबात मिळतं. पंधरा मिनिटं नेट आणि बॉल यांत गेली, दहा वाद घालण्यात गेली, की उरतं काय?

आधी परमिट, म्हणजे हंगामभर खेळायचा परवाना. हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या रविवारी संपतो. अलीकडच्या हंगामांत प्रौढांच्या परमिटला १०० डॉलर आणि एका वेळच्या तिकिटाला १५ डॉलर असा दर होता. म्हणजे सातव्या खेपेला परमिटचे पैसे वसूल. भारतातून महिन्याभरासाठी आलेल्या पाहुण्याला सुटं तिकीट पुरतं. कोर्टवर उतरणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचं परमिट किंवा तिकीट हवं, चौघं असाल तर चौघांकडे. भावाचं परमिट तुम्हाला चालत नाही. शहराच्या इतर पार्कांतही हेच परमिट चालतं, पण फ्लशिंग मेडोजमध्ये, जिथे १९७८पासून यूएस ओपन होते, तिथे नाही. तिथलं टेनिस केंद्रही सर्वांना खुलं आहे, मात्र तिथे कोर्टचं भाडं वेगळं भरावं लागतं.

बूट हा विषय लोक हलक्यात घेतात. रनिंगचे बूट घालून येऊ नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झटकन वळताना घोटा मुरगळतो. शिवाय तळाच्या खाचा माती उकरतात. सपाट तळाचे टेनिसचे बूट हवेत. मातीसाठी नागमोडी बारीक रेघांचा तळ उत्तम.

बॉलचा डबा घेताना त्यावरचं लेबल वाचा. ‘एक्स्ट्रा ड्यूटी’ हार्ड कोर्टसाठी, ‘रेग्युलर ड्यूटी’ मातीसाठी. उलट केलंत तर हार्ड कोर्टवर बॉलची लोकर लवकर झिजते आणि मातीवर ती फुगून बॉल जड नि मंद होतो. डबा उघडला की आतला दाब निघून जातो आणि बॉलही हळूहळू दाब सोडू लागतात. चांगला बॉल २५४ सेंटिमीटरवरून टाकला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. मोजत कोण बसणार? जुना आणि नवा बॉल खांद्याच्या उंचीवरून एकदम सोडा, फरक लगेच दिसतो. आपल्या बॉलवर मार्करने खूण करा. शेजारच्या कोर्टवरही बहुधा त्याच कंपनीचे, त्याच नंबरचे असतात.

आता नेट. मधोमध उंची ३ फूट हवी, म्हणजे ९१.४ सेंटिमीटर. सार्वजनिक कोर्टवर मधला पट्टा सैल पडलेला किंवा जास्त आवळलेला असतो. टेप लागत नाही. नेटच्या मध्यावर एक रॅकेट मुठीवर उभी धरा आणि तिच्या टोकावर दुसरी रॅकेट अशी आडवी ठेवा की तिच्या डोक्याची रुंदी वरच्या दिशेने मोजली जाईल. उभी रॅकेट बहुतेक २७ इंचांची असते आणि डोकं साधारण ९ ते १० इंच रुंद, म्हणजे दोन्ही मिळून ३६-३७ इंच. नेटची वरची कड दुसऱ्या रॅकेटच्या वरच्या कडेला किंवा जेमतेम खाली आली की झालं. नेट इंच-दोन इंच वर असेल तर तुमचे सपाट फटके उगाच अडकत राहतात आणि दोष मात्र मनगटाला दिला जातो.

पावसानंतर हार-ट्रूवर पाऊल दाबून पाहा. ठसा खोल उमटला तर माती अजून ओली आहे, खेळू नका. पडलेले खड्डे वाळून कडक होतात आणि बॉल वाटेल तसा उडतो. उलट, रखरखीत दिवशी माती सैल होते, पाय नको तितका घसरतो. खेळून झाल्यावर ब्रश ठेवलेला असेल तर ओढा: कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत या. आतून बाहेर गेलात तर माती कडेला साचते आणि मधला भाग खोल होतो. त्यानंतर रेघा झाडा. त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, ओल्या झाल्या की भलत्याच निसरड्या.

वेळेचं गणित सोपं ठेवा. पाच मिनिटं सर्व्हिस बॉक्समधून, म्हणजे नेटजवळच्या चौकोनातून, हलके फटके, पाच मिनिटं बेसलाइनवरून, म्हणजे मागच्या रेघेवरून, दोन मिनिटं सर्व्ह. मग आठ गेमचा प्रो सेट, म्हणजे आधी आठ गेम जिंकेल तो विजयी असा एकच लांब सेट. ड्यूसला (४०-४०) नो-अॅड, म्हणजे एकच निर्णायक पॉइंट. तीन सेटचा हट्ट धरणारे बहुधा पहिल्याच सेटला ४-४वर कोर्ट सोडतात.

अंपायर नसतो, म्हणून आपल्या बाजूच्या रेघांचा निकाल आपणच द्यायचा, तोही लगेच आणि मोठ्याने. दिसलं नाही तर बॉल आत. शंकेचा फायदा समोरच्याला. यात घासाघीस शोभत नाही. सर्व्ह करण्याआधी स्कोअर मोठ्याने सांगा, निम्मे वाद तिथेच मिटतात. शेजारचा बॉल आत आला तर ‘लेट’ म्हणून तो पॉइंट पुन्हा खेळा. तुमचा बॉल पलीकडे गेला तर त्यांची रॅली संपेपर्यंत थांबा. पॉइंट चालू असताना बेसलाइनमागून चालत जाणं हा इथला सर्वांत मोठा अपराध.

हार-ट्रू गर्दीने भरलं असेल तर रिव्हरसाइड पार्कमध्ये ९६व्या स्ट्रीटपाशी लाल मातीची १० कोर्ट आहेत. लाल मातीवर बॉल हार-ट्रूपेक्षाही मंद येतो आणि उंच उसळतो. बेसलाइनच्या हातभर मागे उभं राहा आणि रॅली लांबणार हे धरून पाण्याची बाटली मोठी घ्या.