डायोड लावताना या चुका टाळा

एप्रिल लागला की माझ्या टेबलावर दोन वस्तूंचा ढीग साचतो: कूलरचे टायमर आणि जळलेले अ‍ॅडाप्टर. नागपुरात पारा पंचेचाळीसकडे सरकतो तेव्हा घरोघरी कूलर दिवसरात्र चालतो. मग हिवाळ्यात कसंबसं तग धरलेलं सर्किट मे महिन्यात मान टाकतं. उघडून बघितलं तर बऱ्याचदा मूळचा बिघाड केव्हाच निघून गेलेला असतो. आधी कोणीतरी केलेली दुरुस्ती समोर दिसते, आणि तिच्यात डायोड चुकलेला असतो.

याचं मूळ शाळेतल्या एका वाक्यात आहे: डायोड म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारी झडप. वाक्य खोटं नाही, पण पोरं तिथेच थांबतात. वीज जाऊ देताना डायोड थोडं व्होल्टेज स्वतःकडे ठेवून घेतो आणि त्यातूनच तापतो. उलट दिशेने अडवतो, पण एका मर्यादेपर्यंतच. चालू असलेला डायोड बंद व्हायला वेळ घेतो. आणि तापला की त्याचं वागणं बदलतं. खालच्या बहुतेक चुका यातलं काहीतरी विसरल्यामुळेच होतात.

दिसेल तिथे ४००७

१एन ४००७ हा चांगला डायोड आहे. १००० व्होल्ट अडवतो, १ अँपिअर वाहतो, चिल्लर पैशात मिळतो. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, सामान आणणाऱ्या प्रत्येक पोराच्या डबीत तो मूठभर सापडतो. माझी तक्रार त्याला सगळीकडे लावण्याबद्दल आहे.

आमच्या गल्लीतला पॉलिटेक्निकचा एक मुलगा मागच्या उन्हाळ्यात १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर घेऊन आला.

"काका, डायोड नवाच टाकला, तरी गरम होऊन राहिला."

"कोणता टाकला?"

"फोर थाउजंड सेव्हन. हजार व्होल्टचा आहे ना तो!"

झालं होतं असं. अ‍ॅडाप्टर टिकटिक करत होता, दिवा लुकलुकत होता. मुलाने बरोबर ओळखलं की आउटपुटचा डायोड शॉर्ट आहे. इथवर त्याचं कौतुकच करायला हवं. पण त्याने जुना डायोड कापून फेकून दिला, त्यावरचा नंबर वाचला नाही. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला चार ४००७ दिसले, म्हणून इथेही तोच बसवला. दोन मिनिटांत वास सुटला. मग त्याने दोन ४००७ पॅरलल लावले, एक चटका देत होता आणि दुसरा कोमट. मग ३ अँपिअरचा १एन ५४०८ लावला. तो जाड असल्यामुळे थोडा जास्त टिकला, पण तापला तसाच. शेवटी कोणीतरी "शॉटकी लाव" म्हणून सांगितलं. त्याने १एन ५८२२ हा शॉटकी जातीचा डायोड आणून लावला आणि अ‍ॅडाप्टर छान चालला. रात्रभर चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टिकटिक.

यातला प्रत्येक टप्पा समजून घेण्यासारखा आहे.

बोर्डाच्या त्या टोकाचे चार ४००७ घरातल्या विजेचा एसी डीसी करतात. तिथे ५० हर्ट्झ आहे, म्हणजे अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. ४००७ ला बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात, ते तिथे कोणाच्या लक्षातही येत नाही. आउटपुटकडे मात्र ट्रान्सफॉर्मर साधारण ६५ किलोहर्ट्झवर चालतो. तिथली अख्खी एक फेरी १५ मायक्रोसेकंदांत संपते. डायोड बंद होतोय तोवर पुढची फेरी दारात उभी. त्या मधल्या वेळात तो दोन्ही दिशांनी वीज जाऊ देतो आणि ती सगळी उष्णता त्याच्याच पोटात जिरते. ५४०८ ची अँपिअरची ताकद जास्त असली तरी वेग तसाच मंद, म्हणून त्यानेही काही भागलं नाही.

दोन डायोड पॅरलल लावण्याने करंट निम्मा निम्मा वाटला जात नाही. सिलिकॉन डायोड तापला की त्याचा ड्रॉप, म्हणजे तो स्वतःकडे ठेवून घेतो ते व्होल्टेज, दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. जो आधी तापतो त्याचा रस्ता सोपा होतो, मग तो आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. एक चटका, एक कोमट, ते यामुळे.

आणि ५८२२? शॉटकी असल्यामुळे वेगवान आहे, ड्रॉपही कमी, म्हणून तो थंड राहिला. पण तो फक्त ४० व्होल्ट अडवतो. "बारा व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरला चाळीसचा डायोड, तिपटीने जास्त आहे ना," असं तो मुलगा म्हणाला. हिशोब असा नसतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडे, म्हणजे घरातली वीज येते त्या बाजूला, २३० व्होल्टचे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात. तिथला झटपट चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे स्विच, चालू असतो तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांच्या प्रमाणात त्याचा हिस्सा सेकंडरीवर, म्हणजे आउटपुटच्या बाजूला, उलटा येतो. प्रमाण सातास एक धरलं तर ४६ व्होल्ट, त्यात आउटपुटचे १२ मिळवा, झाले ५८. वर स्विचिंगचे झटके वेगळे. चाळीसचा डायोड एक रात्र टिकला हीच मोठी गोष्ट.

मी तिथे १०० व्होल्ट ५ अँपिअरचा शॉटकी, एसआर ५१००, लावला. तो अ‍ॅडाप्टर अजून चालू आहे.

माझी सवय सांगतो. जळलेला पार्ट मी दुरुस्ती होऊन वस्तू घरी जाईपर्यंत एका औषधाच्या डबीत जपून ठेवतो. नंबर अर्धा उडालेला असला तरी उजेडात तिरपा धरला की वाचता येतो. दुरुस्त केलेला अ‍ॅडाप्टर पहिल्यांदा थेट प्लगमध्ये कधीच घालत नाही, सिरीज बोर्डवर ६० वॉटचा साधा बल्ब लावून त्यातूनच चालू करतो. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. आणि उघडल्यावर आत हात घालण्याआधी मोठा कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करतो, त्यात ३२५ व्होल्ट थांबलेले असतात. पेचकसाने ठिणगी पाडून रिकामा करणारे लोक बघितले की मला राग येतो. एवढी घाई कसली? हात एकदाच मिळतो.

रिलेची कॉइल मोकळी सोडणे

कूलरच्या पंपाला टायमर करण्याचा प्रयोग इथे दर उन्हाळ्यात कोणीतरी करतोच. पंप दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद. पाणी वाचतं, खसही ओली राहते. कल्पना उत्तम आहे. प्रोग्राम चालवणारी चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, आणि पंप चालू-बंद करायला १२ व्होल्टचा रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच. आणि मग फोन येतो: "काका, प्रोग्राम मधेच हँग होऊन राहिला."

एका मुलाने दोन आठवडे प्रोग्राम बदलण्यात घालवले. मी बोर्ड उलटा करून बघितला तर रिलेच्या कॉइलवर डायोडच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "व्हिडिओमध्ये लावला होता, पण त्याच्याशिवायही टकटक वाजत होतं, म्हणून सोडला." हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की मनापासून वाईट वाटतं. चालतंय म्हणजे बरोबर आहे, असं नसतं.

१२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते, तिच्यातून ३० मिलिअँपिअर वाहतात. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइल तो करंट एकदम सोडत नाही, तो पुढे ढकलतच राहते. रस्ता नसेल तर व्होल्टेज चढत जातं, कुठेतरी फोडून बाहेर पडेपर्यंत. बीसी ५४७ चं सहन करायचं बळ ४५ व्होल्ट. कधी तो पहिल्या दिवशी मरतो, कधी रोज थोडा थोडा मार खातो. आणि प्रत्येक वेळी तो झटका सप्लायमध्ये शिरून मायक्रोकंट्रोलरला रीसेट करतो. प्रोग्राम बिचारा निर्दोष असतो.

इथे आपला ४००७ अगदी योग्य आहे. कॉइलच्या दोन पायांवर, डायोडवरची पट्टी प्लसच्या बाजूला. उलटा लावलात तर ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय डायोडमधून थेट शॉर्ट होतो आणि ट्रान्झिस्टर गेला. डायोड कॉइलला चिकटून लावा, वायरच्या दुसऱ्या टोकाला नको. रिले सुटायला काही मिलिसेकंद उशीर होतो, पंपाला त्याने फरक पडत नाही.

हे शिकल्यावर पोरं पुढची चूक करतात. एकाने २३० व्होल्ट एसीच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हवरही तसाच डायोड लावला. एमसीबी पडला आणि डायोडचे दोन तुकडे झाले. एसीमध्ये प्रत्येक दुसरी अर्धी लाट त्या डायोडमधून शॉर्टच होणार. एसी कॉइलसाठी १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू (घरातल्या विजेवर चालणारा) कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावा, किंवा २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज गिळणारा पार्ट, कॉइलवर.

काचेचे डायोड एकाच डबीत

१एन ४१४८ हा साधा डायोड आणि छोटा झेनर, म्हणजे उलट दिशेने ठराविक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड, दोन्ही सारखेच दिसतात: नारिंगी काच, काळी पट्टी, बारीक नंबर. मीटरवर सरळ दिशेने दोघेही ०.६ ते ०.७ दाखवतात. डबी एकदा मिसळली की पाच व्होल्टच्या झेनरच्या जागी ४१४८ बसतो, पुढची आयसी बारा व्होल्ट खाते आणि दोष आयसीला मिळतो.

मी शंका आली की ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये घेतो, १ किलोओहम रेझिस्टर लावतो आणि डायोड उलटा जोडतो, पट्टी रेझिस्टरमार्गे प्लसला. डायोडच्या दोन टोकांवर मीटर धरायचं. झेनर स्वतःचं व्होल्टेज दाखवतो, ४१४८ जवळपास पूर्ण १८ दाखवतो. अठराच्या वरच्या झेनरला ही युक्ती चालत नाही, पण आपल्याकडे येणारे बहुतेक त्याखालचेच असतात.

झेनरला रेझिस्टर हवाच. अर्ध्या वॉटचा ५.१ व्होल्टचा झेनर फार तर शंभरेक मिलिअँपिअर सहन करतो, गरमीत त्याहूनही कमी. सरळ सप्लायवर ठेवलात तर तो वाचणार नाही.

मीटर चुकीचं वाचणे

डायोड बोर्डावर असतानाच तपासू नका. शेजारचा ट्रान्सफॉर्मर नाहीतर रेझिस्टर आकडा बिघडवतो. एक पाय उचला. कंटिन्युइटीच्या बीपवर डायोड पारखू नका, डायोडचं चिन्ह असलेल्या जागी मीटर ठेवा. शॉटकी ०.२ च्या आसपास दाखवतो, म्हणून चांगले शॉटकी फेकून देणारे लोक मी बघितलेत. एक नवा, त्याच नंबरचा शेजारी ठेवून तुलना करा.

काट्याचं मीटर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की ओहमच्या रेंजवर बहुतेक अशा मीटरांत काळ्या प्रोबवर बॅटरीचा प्लस येतो. वडिलांचं जुनं मीटर घेऊन डायोडची दिशा ठरवणाऱ्यांची इथेच गफलत होते.

पटापट सांगतो

एलईडी रेझिस्टरशिवाय लावू नका, लाल साधारण २ व्होल्टला उजळतो आणि पांढरा ३ ला, पुढे करंट आवरत नाही.

१२-०-१२ च्या, म्हणजे मधून तार काढलेल्या, ट्रान्सफॉर्मरवर दोन डायोड लावले तर बंद असलेल्या डायोडवर १७ नाही, ३४ व्होल्ट येतात.

१२ व्होल्ट एसी चार डायोडच्या ब्रिजमधून गेला की कपॅसिटरवर साधारण १५.६ होतात, लोड नसेल तर त्याहून जास्त. तिथे १६ व्होल्टचा कपॅसिटर फुगतोच. २५ चा घ्या, त्यात काटकसर नको.

ऊन हिशोबात न धरणे

४००७ चा १ अँपिअर हा आकडा भोवतालचं तापमान ७५ अंशांपर्यंत आणि पाय साडेनऊ मिलिमीटरचे धरून दिलेला असतो. पुढे तो उतरत जातो. कूलरला बाहेरून लटकवलेली पत्र्याची बंद पेटी मे महिन्यात दुपारी किती तापते ते एकदा हात लावून बघा, आणि आत शेजारी रेग्युलेटर तापतोय तो वेगळा. मी इथल्या कामात अर्ध्या अँपिअरच्या वर गेलो की ४००७ सोडून ५४०८ घेतो. पाय थोडे उचलून लावतो म्हणजे बोर्ड काळा पडत नाही, आणि सोल्डरच्या डागाखाली तांबं रुंद ठेवतो. उलट दिशेने होणारी गळतीही दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये ती नगण्य असते, शॉटकीमध्ये नसते. म्हणून गच्चीवरच्या सोलर पॅनेलला शॉटकी लावताना व्होल्टेजची मर्यादा सढळ हाताने घ्या आणि डायोडला सावली द्या.

टायमर दुरुस्त झाला की लोक संध्याकाळीच न्यायला येतात. मी देत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पेटी बंद करून गच्चीवर ठेवतो, पंपाच्या जागी बल्ब लावतो आणि तासभर चालवतो. तीनला खाली आणून लगेच उघडतो आणि एकेका डायोडजवळ थर्मामीटरची तार धरतो. आकडे पेटीच्या आत मार्करने लिहून ठेवतो, पुढच्या उन्हाळ्यात तीच पेटी परत आली तर तुलनेला कामी येतात.