इस्रायलमधील पारंपरिक ज्यू लग्नाला जाताना
बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडील कुटुंबाला इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू, स्नेह्यांकडून लग्नाचे आमंत्रण आले, तर तिकीट काढण्यापूर्वी मेंदीचा दिवस विचारून घ्यावा. कोकणातून गेलेल्या या समाजाने लग्नाआधीची मेंदी तिकडेही जपली आहे आणि माझ्या मते ती चुकवू नये. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, लग्न लागत नाही.

आहेर शहापुरी साडीचा किंवा पाकिटाचा करावा. कुंदा नेण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तो दुधाचा असतो आणि ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या कोशर नियमांनुसार मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचे पदार्थ चालत नाहीत.

विधीच्या वेळी पुरुषांनी डोके झाकावे. हुप्पा या चार खांबांच्या मांडवाखाली वर वधूच्या उजव्या तर्जनीत अंगठी घालतो, केतुबा हा विवाहकरार वाचला जातो, सात आशीर्वाद होतात आणि शेवटी वर पायाखाली काचेचा पेला फोडतो. हा अपशकुन नव्हे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे ते स्मरण आहे, आणि त्यानंतर सर्वांबरोबर मोठ्याने ‘मझल तोव’, म्हणजे अभिनंदन, म्हणावे. पुढे वधूवरांना खुर्च्यांसकट उचलून नाच रंगतो, त्यात निःसंकोच सामील व्हावे. मात्र सनातनी घरांत स्त्रिया व पुरुष वेगवेगळे नाचतात, हे पाहूनच रिंगणात शिरावे.