कतानाची मूठ उतरवताना

कताना, म्हणजे जपानी वक्र तलवार, हातात आली की बहुतेकांची नजर आधी पात्यावर जाते. मी आधी बघते ती मेकुगी, म्हणजे मुठीत आडवी ठोकलेली बांबूची खुंटी. मुठीतून पाते निसटू न देण्याचे काम तिचे. सरावाआधी ती अंगठ्याने दाबून बघा. हलली किंवा तिला चीर दिसली, तर त्या दिवशी तलवार उपसायची नाही. यात माझ्याकडे सवलत नाही.

खुंटी एका टोकाला निमुळती असते. बारीक टोकाकडून पितळी हातोडीच्या टोच्याने ढकला, दुसऱ्या बाजूने बाहेर येते. मग मुठीचे टोक डाव्या हातात घट्ट धरा, पाते उभे पण जरासे तिरके ठेवा आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलकेच मारा. पाते सैल होते. पहिलाच फटका जोराचा नको, पाते उसळून बाहेर येऊ शकते.

आता भाग निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा: सेप्पा, त्सुबा, पुन्हा सेप्पा, शेवटी हाबाकी. त्सुबा म्हणजे मूठ आणि पाते यांमधली हाताचे रक्षण करणारी तबकडी, सेप्पा म्हणजे तिच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या धातूच्या पातळ चकत्या. एकदा घाईत माझी एक चकती कापडावरच राहिली. तलवार जोडून झाली, हलवली, तर त्सुबा खडखडली. तो आवाज अजून कानात आहे. नुसती चकती जाड झाली तरी मूठ पूर्ण वर सरकत नाही आणि मुठीचे व पात्याचे भोक जुळत नाही.

हाबाकी म्हणजे पात्याच्या बुडाशी बसणारी धातूची पट्टी, बहुधा तांब्याची, त्या एकाच पात्यासाठी घडवलेली. म्यानाच्या तोंडात ती घट्ट बसते, म्हणून पाते आतल्या लाकडाला न घासता अधांतरी राहते. दुसऱ्या तलवारीची हाबाकी चढवून बघू नका.

नाकागोवरचा, म्हणजे पात्याच्या मुठीत दडलेल्या शेपटीवरचा, काळा गंज मात्र घासू नका. त्या गंजावरून आणि तिथल्या सहीवरून जाणकार पात्याचे वय ओळखतात. १८७६ मध्ये जपानमध्ये चारचौघांत तलवार लावून फिरण्यावर बंदी आल्यावर हे भाग घडवणाऱ्या कितीतरी कारागिरांचे काम थांबले. म्हणून जुन्या त्सुबाही पुसायच्या त्या फक्त मऊ कापडाने.

जोडताना क्रम उलटा. मूठ चढवली की तिच्या बुडावर तळव्याने दोन-तीनदा थोपटा, भोके जुळवा, खुंटी घाला. ती सहज आरपार गेली तर झिजलेली आहे, सुकलेल्या बांबूची नवी घडवून घ्या.